दिवसाचं चित्र, रात्रीची भिंत : एका घरातल्या उजेडाचं प्रकरण

वाईजवळ राहणाऱ्या एका चित्रकर्तीचं तीन कॅनव्हासचं मोठं काम पुण्यातल्या एका घरात लागलं आणि त्याच संध्याकाळी वादात सापडलं. चित्रांची ने-आण, टांगणी आणि कागदपत्रं हे माझं काम, त्यामुळे मी या व्यवहारात पहिल्यापासून मध्ये होतो. दोन्ही बाजूंना विचारून हे लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून माणसांचे तपशील बदलले आहेत. रंगांची आणि दिव्यांची माहिती मात्र तशीच ठेवली आहे, कारण सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

पार्श्वभूमी

चित्रकर्ती पन्नाशीच्या. मुंबईत शिक्षण, काही वर्षं तिथंच नोकरी, मग वाईकडे परत. धोम धरणाच्या पाण्याच्या बाजूला घर, घरातच स्टुडिओ. त्यांच्या कॅनव्हासवर डोंगर नसतो, पाणी नसतं, झाड तर नसतंच. एकमेकांत विरघळणारे आडवे पट्टे असतात. मध्यावर कुठं तरी क्षितिजासारखं काही जाणवतं आणि बघणारा हमखास विचारतो, ‘पहाटेचं धरण का हो?’ त्यावर त्या हसतात आणि चहा टाकायला आत जातात.

अशा चित्रांची वाट आपल्याकडे जुनीच आहे. अकबर पदमसींनी १९७० पासून ‘मेटास्केप’ म्हणून केलेली चित्रं, राम कुमार यांचं घाट आणि घरं गाळत गाळत नुसतं रंग-पोतांचं उरलेलं बनारस, आणि रोलर व नाइफनं (रंग लावायच्या बोथट सुरीनं) रंगाचे थर चढवत, खरवडत गेलेले वासुदेव गायतोंडे. आमच्या चित्रकर्ती रोलर वापरतात तो गायतोंड्यांचीच चित्रं बघून, हे त्या स्वतःच सांगतात. फिकट करड्या अस्तरावर तैलरंगाचे पातळ, पारदर्शक थर. एक वाळल्याशिवाय दुसरा नाही. अल्ट्रामरीन, कोबाल्ट निळा, टेर व्हर्ट म्हणजे हिरवी माती, रॉ सिएना, थोडा क्विनाक्रिडोन जांभळा आणि टायटॅनियम पांढरा. एवढ्यावर सगळा संसार.

या प्रकरणात त्यांच्या कामाची एकच गोष्ट नीट समजून घ्यावी लागेल. त्यांचे शेजारशेजारचे दोन पट्टे उजळपणात जवळजवळ सारखे असतात. फरक फक्त रंगछटेत: एक करडा निळ्याकडे झुकलेला, दुसरा हिरव्याकडे. डोळे किलकिले करून पाहिलं तर सीमारेषा नाहीशी होते, डोळे उघडले की परत येते. चित्राचा जीव त्या येण्या-जाण्यात आहे. झाड काढलेलं असेल तर कुठल्याही दिव्याखाली झाडच दिसतं, पुसट दिसेल फार तर. इथं छटेतला फरक गेला की मागे उरतं ते करडं कापड.

स्टुडिओला उत्तरेची मोठी खिडकी आहे. उत्तरेचा उजेड स्थिर असतो, तिथून थेट ऊन येत नाही, हा चित्रकारांचा जुना नियम युरोपातून आलेला. आपल्याकडे तो वर्षभर चालत नाही. वाई साधारण १८ अंश अक्षांशावर. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि खिडकीतून थेट आत येतो. मे महिन्यात त्या खिडकीला पांढरी मलमल लावतात. जूनमध्ये ढगच ते काम करतात. तर हे तिन्ही कॅनव्हास आधी हिवाळ्याच्या, मग मलमलीतून गाळलेल्या आणि शेवटी पावसाळी आभाळाच्या उजेडात झाले. दिव्याखाली एक थरही चढलेला नव्हता.

घरमालक जोडपं पुण्याचं. त्या डॉक्टर, ते सॉफ्टवेअरमध्ये. जानेवारीत सकाळी अकराच्या सुमारास स्टुडिओत आले, भिंतीवरचं एक जुनं काम पाहिलं आणि तसंच तीन भागांत आपल्या नव्या डुप्लेक्ससाठी हवं म्हणाले. प्रत्येक कॅनव्हास चार बाय पाच फूट. आकार, किंमत, मुदत, ‘निळ्या-करड्या छटा’, निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली चित्रं लागल्यावर, एवढं कागदावर आलं. भिंतीचा फोटो आला, तोही दुपारचा. घराचं इंटिरियर तेव्हा चालू होतं. दिव्यांचा विषय कोणाच्याच तोंडून निघाला नाही.

अडचण

ऑगस्टअखेर चित्रं पुण्याला नेली. रंग पुरता कडक झालेला नव्हता, म्हणून आधी बटर पेपर, त्यावर फोम आणि बबल रॅप सगळ्यात बाहेर, फुगे बाहेरच्या बाजूला. फुगे रंगाला टेकले तर ताज्या तैलरंगावर गोल गोल ठसे उमटतात आणि ते जात नाहीत. चारच्या सुमारास टांगणी झाली. पश्चिमेच्या गॅलरीतून ढगाळ उजेड येत होता. सगळे खूश. फोटो झाले, पेढे झाले.

साडेसातला घरमालकांनी हॉलचे दिवे लावले.

मधल्या कॅनव्हासवरचं क्षितिज गेलं. वरचा निळा ओल्या कडाप्प्यासारखा काळपट झाला आणि त्याखालचा हिरवट करडा जाऊन त्याच्यातच मिसळला. तिसऱ्या कॅनव्हासवर रॉ सिएनाची एक रेघ आहे, असून नसल्यासारखी. ती एकदम नारिंगी होऊन पुढे आली, आणि आता खोलीत शिरणाऱ्याला आधी तीच दिसत होती. वरच्या भागात नाइफच्या प्रत्येक कंगोऱ्याखाली सावली पडून पृष्ठभाग खरबरीत दिसायला लागला. तळाचा फूटभर भाग जवळजवळ अंधारात.

“ताई, हे आम्ही पाहिलेलं चित्र नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

चित्रकर्ती बराच वेळ समोर उभ्या होत्या. “मलाही ओळखू येत नाही,” त्या म्हणाल्या.

वाक्य खरं होतं. पण व्यवहारात ते महागात पडलं. घरमालकांनी त्याचा अर्थ असा घेतला की चित्रात खोट आहे आणि ती करणाऱ्यानंच कबूल केली आहे. उरलेली रक्कम ‘जरा थांबू या’वर गेली. जाता जाता त्यांनी विचारलं, “रंग थोडा वाढवता येईल का?”

आधी मोजमाप

पहिला निर्णय चित्रकर्तींचा, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा: कारण कळेपर्यंत ब्रश उचलायचा नाही. चित्रं भिंतीवरच ठेवायची आणि भिंतीवर काय पडतं ते बघायचं.

हॉल डबल हाइटचा, छत अठरा फुटांवर. फॉल्स सीलिंगमधले एलईडी भिंतीपासून जेमतेम दीड फुटावर, थेट खाली तोंड करून. म्हणजे उजेड चित्राला घासून खाली येत होता. चित्रावर तो उभ्या रेषेशी साधारण ३० अंशांत पडावा अशी प्रदर्शनांतली सर्वसाधारण रीत आहे. इथं तो कोन सात-आठ अंशांचा होता. नाइफच्या कंगोऱ्यांच्या सावल्या तिथून आल्या. उजेड मोजणारा लक्समीटर लावला तर वरच्या कडेला आणि खालच्या कडेला तिपटीहून जास्त फरक.

दिव्यांचा रंग ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर; हा आकडा वाढेल तसा उजेड पांढरा होत जातो. अशा दिव्यात निळ्या भागाची ऊर्जाच कमी असते. निळा रंग परत फेकणार काय? त्याला मिळतंच थोडं. उलट पिवळ्या-तांबूस मातीच्या रंगांना भरपूर मिळतं. दिव्यांचा सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा निर्देशांक, ८०. घरगुती वापराला चालतो. सारख्या उजळपणाच्या दोन करड्यांमधला फरक दाखवायला पुरत नाही. भिंतीला मलई रंगाचा डिस्टेंपर होता, त्यानं पिवळेपणात आणखी भर घातली.

मग चित्रकर्तींनी पट्ट्या केल्या. कॅनव्हासच्या उरलेल्या तुकड्यांवर चित्रातलीच मिश्रणं, शेजारीशेजारी. अल्ट्रामरीन-पांढऱ्याचा करडा, कोबाल्टचा करडा, हिरव्या मातीचा, अल्ट्रामरीन आणि रॉ सिएनाचा. त्या पट्ट्या खिडकीशी आणि मग दिव्याखाली धरल्या. खिडकीशी सहज वेगळ्या दिसणाऱ्या दोन पट्ट्या दिव्याखाली एक झाल्या. गंमत म्हणजे उलटंही घडलं: खिडकीशी सारख्या दिसणाऱ्या दोन पट्ट्या दिव्याखाली वेगळ्या पडल्या. साडीच्या दुकानात ब्लाउजपीस बाहेर उन्हात नेऊन बघतात ते याच कारणासाठी. डॉक्टरबाई त्या पट्ट्या हातात घेऊन खिडकी आणि दिवा यांच्यामध्ये बऱ्याच येरझाऱ्या घालत होत्या. त्यानंतर त्यांच्या बोलण्यातली ‘चित्रातली खोट’ बंद झाली. माझं अर्ध्या तासाचं स्पष्टीकरण त्याआधी वाया गेलं होतं.

कोणते पर्याय होते

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे चित्रं परत आणायची आणि आगाऊ रक्कम फिरवायची. चित्रकर्ती त्याला तयार होत्या. घरमालकच नको म्हणाले; दिवसाचं चित्र त्यांना सोडवत नव्हतं.

दुसरा, ‘रंग वाढवा’. ऐकायला बिनतोड वाटतं. चित्रकर्तींनी वाद न घालता एका पट्टीवर निळा भडक करून दाखवला. दिव्याखाली तो आणखी काळाच झाला, कारण पिवळ्या उजेडात गडद निळ्याला आणखी खाली जाण्याशिवाय जागा नाही. आणि खिडकीशी नेल्यावर तोच निळा स्टेशनरीच्या दुकानातला दिसला. हा पर्याय पट्टीवरच निकालात निघाला हे बरं झालं. कॅनव्हासवर केला असता तर पुसता आला नसता.

तिसरा, चित्रांची भिंत बदलायची. गॅलरीसमोरच्या भिंतीवर दिवसाचा उजेड छान होता, पण पुण्यात पावसाळा संपला की पश्चिमेचं संध्याकाळचं ऊन थेट तिथं येणार. चित्रकर्तींचे रंग टिकाऊ आहेत. अल्ट्रामरीन, कोबाल्ट आणि माती उन्हानं सहजी उडत नाहीत, आणि लवकर उडणारा अलिझारिन सोडून त्यांनी क्विनाक्रिडोन घेतला होता. तरीही त्या भिंतीला त्या नाही म्हणाल्या. त्यांच्या डोक्यात अमेरिकी चित्रकार मार्क रॉथकोची हार्वर्ड विद्यापीठातली भित्तिचित्रं होती. १९६४ मध्ये मोठ्या खिडक्यांच्या दालनात लावलेली ती चित्रं लिथॉल रेड हा कच्चा लाल वापरल्यामुळे उन्हानं इतकी फिकी पडली की १९७९ मध्ये काढून ठेवावी लागली. २०१४ मध्ये ती पुन्हा दाखवली तेव्हा रंगाला हात न लावता, उडालेल्या रंगाची भरपाई प्रोजेक्टरच्या उजेडानं केली होती. म्हणजे चित्र दुरुस्त न करता प्रकाश दुरुस्त करायचा. आमच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर अर्थातच बसणार नव्हता, पण विचाराची दिशा तिथून मिळाली.

चौथा पर्याय, दिवे बदलायचे.

निर्णय आणि काम

दिवे बदलायला इंटिरियर डिझायनरचा विरोध होता, आणि तो चुकीचा नव्हता. संपूर्ण घर ३००० केल्विनवर बसवलेलं. मध्येच एक भिंत पांढरी केली तर हॉल ठिगळ लावल्यासारखा दिसेल. शिवाय कोन नीट साधायचा तर अठरा फुटांवरच्या छतात दिवे भिंतीपासून सात फूट लांब न्यावे लागत, म्हणजे नवं फॉल्स सीलिंग फोडायचं. समोरच्या पोटमाळ्याच्या कठड्यावर दिवे लावून पाहिले. तिथून उजेड फार आडवा येत होता आणि चित्राजवळ जाणाऱ्याची सावलीच चित्रावर पडत होती. शेवटी दहा फुटांवर, भिंतीपासून अडीच फूट अंतर ठेवून छतातून बारीक तारांवर ट्रॅक, म्हणजे दिवे बसवायची दांडी, सोडायचं ठरलं. ‘डबल हाइटचा लुक गेला’ असं डिझायनर अजूनही म्हणतात. मला तो ट्रॅक दिसतही नाही, पण मी चित्रं बघायला जातो.

दिव्यांची निवड कॅटलॉगवरून केली नाही. ९५ च्या वरचा सीआरआय असलेले वेगवेगळ्या केल्विनचे दिवे उसने आणून रात्री भिंतीवर लावून पाहिले. ५००० ला चित्र जवळजवळ स्टुडिओतलं दिसलं. पण सोफ्यावर बसलेल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, “दिवसभर याच उजेडात पेशंट तपासते. घरी नको.” ३५०० ला घर सुखावलं आणि क्षितिज परत बुडालं. ४००० वर सगळे थांबले. फक्त ट्रॅक ४००० चा, हॉलचे बाकी दिवे पिवळेच पण मंद करता येणारे, असा तोडगा निघाला. उजेडाची मात्रा चित्रावर २०० लक्सच्या आत ठेवली. तैलचित्रांसाठी संग्रहालयं साधारण तेवढाच ठेवतात.

पहिला आणि तिसरा कॅनव्हास या उजेडात उभे राहिले. सिएनाची रेघ मागे सरकली. मधला मात्र अर्धाच आला. त्यात दोन करड्यांमधला फरक इतका नाजूक होता की ४००० च्या दिव्यालाही तो पेलवेना.

इथं खरा पेच आला. दिव्याची बाजू संपली होती. आता हात लावायचा तर चित्रालाच. घरमालकांचं म्हणणं, थोडंसंच तर राहिलंय. चित्रकर्तींचं म्हणणं, तो नाजूकपणा म्हणजेच ते चित्र. मी दोघांना सांगितलं की मधला कॅनव्हास आहे तसा ठेवणं हाही एक पर्याय आहे, रात्री तो शांत राहील एवढंच. ते कोणालाच पटलं नाही. दोन रात्री बोलणारे कॅनव्हास आणि मध्ये एक मुका, हे चित्रकर्तींनाही चालणार नव्हतं.

मग त्यांनी हात लावायला होकार दिला, दोन अटींवर. काम याच दिव्याखाली होईल आणि एका थरापलीकडे जाणार नाही. ट्रॅकवरचा एक दिवा वाईला नेला, संध्याकाळी स्टुडिओची खिडकी झाकून तो लावला. कोबाल्ट आणि टायटॅनियम पांढऱ्याचा पातळ थर क्षितिजाच्या खालच्या पट्ट्यावर आला, आधीच्या थरांपेक्षा तेल किंचित जास्त ठेवून; वरचा थर तेलानं कमी असला तर पुढे तडे जातात. व्हार्निश अजून लावलेलं नव्हतं हे नशीब. तैलचित्राला सहा महिने ते वर्षभर व्हार्निश लावत नाहीत, त्याचा इथं असा फायदा झाला.

निकाल

दिवाळीच्या आधी मधला कॅनव्हास परत लागला. रात्री आता क्षितिज दिसतं, तिन्ही भाग एकमेकांशी बोलतात. उरलेली रक्कम त्याच आठवड्यात मिळाली. ट्रॅक, दिवे आणि वायरमनचा खर्च घरमालकांनी केला, मधल्या कॅनव्हासच्या कामाचे पैसे चित्रकर्तींनी घेतले नाहीत. घरमालक समाधानी आहेत आणि मोकळेपणानं तसं सांगतात.

चित्रकर्ती नाहीत. दिवसा पाहिलं तर मधल्या कॅनव्हासचं क्षितिज आता लगेच हाती लागतं; पूर्वी ते शोधावं लागायचं. “सकाळी जरा जास्तच बोलतं,” असं त्या म्हणतात. मला विचाराल तर त्यांचं बरोबर आहे. त्या घरात दिवसभर कोणी नसतं आणि चित्र बघितलं जातं ते रात्री जेवणानंतर, त्यामुळे हिशेबानं निर्णय योग्यच होता. तरी सकाळचं ते चित्र आता नाही, आणि त्याचा फोटोही नीट नाही, कारण पहिल्या संध्याकाळचे फोटो सगळ्यांनी एकमेकांसकट काढले होते.

वेगळं काय करता आलं असतं

जानेवारीतल्या त्या भेटीत एक प्रश्न पुरेसा होता: तुम्ही चित्र बघणार कधी? उत्तर ‘रात्री’ आलं असतं तर पहिल्या थरापासून चित्रकर्तींनी दर दोन-तीन दिवसांनी एकदा दिवा लावून पाहिलं असतं. दिव्याखाली रंगवावं असं नाही. पण दिव्याखाली काय हरवतं ते माहीत असताना रंगवणं वेगळं. मधल्या कॅनव्हासचा नाजूकपणा तेव्हा त्यांनी सोडला असता की जाणूनबुजून ठेवला असता, हे त्यांचं त्यांनी ठरवलं असतं. इथं तो निर्णय वादाच्या दडपणाखाली घ्यावा लागला.

इंटिरियर डिझायनर आणि चित्रकर्ती यांची गाठ चित्रं लागल्यानंतर पडली. सीलिंग बंद होण्याआधी पडली असती तर ट्रॅकची जागा छतातच करता आली असती आणि खर्चही बराच कमी झाला असता. भिंतीचा मलई रंग बदलणं तर तेव्हा फुकटात होतं.

टांगणीची वेळही बदलायला हवी. दुपारी चारला चित्र लावून पेढे वाटणं आता मी बंद केलं आहे. टांगणी सूर्यास्ताच्या तासभर आधी सुरू होते आणि दिवे लागल्यानंतरच पावतीवर सही होते.

या प्रकरणानंतर चित्रकर्तींच्या करारात दोन ओळी वाढल्या आहेत. चित्र कोणत्या उजेडासाठी केलं आहे त्याचे केल्विन आणि सीआरआय, आणि तो उजेड देण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. ठरलेल्या भिंतीच्या दिव्याखाली आधी पट्ट्या नेऊन बघायच्या, हेही त्यात आलं. एका ग्राहकानं ही कलमं वाचून काम दुसरीकडे दिलं. चित्रकर्तींना त्याचं फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

पुण्याच्या तिन्ही कॅनव्हासच्या मागे आता एक कागद चिकटवला आहे. त्यावर वापरलेल्या रंगांची नावं, थरांचा क्रम, मधल्या कॅनव्हासवर नंतर चढवलेल्या थराची तारीख आणि दिव्याचा तपशील. एलईडीची मॉडेलं भराभर बंद होतात आणि त्याच आकड्यांचा दुसऱ्या कंपनीचा दिवा तसाच दिसेल याची खात्री नसते. म्हणून घरमालकांनी त्याच खोक्यातले दोन जादा दिवे आणून ठेवले आहेत. ते संपले की पट्ट्या घेऊन पुन्हा भिंतीसमोर उभं राहावं लागेल. त्या पट्ट्या वाईला एका पाकिटात आहेत.